अर्धी पट्टी खाली

प्रिय ताई,

पत्र बघून तू आधी दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी भावजय मघापासून दोनदा डोकावून गेली. म्हणाली, "सकाळपासून एवढं काय लिहिताय, मृत्युपत्र का?" मी म्हटलं, "त्याहून महत्त्वाचं आहे." ती चहा ठेवून गेली. आज वर्कशॉपला सुट्टी आहे, मोटारी आणि पंप उद्यापर्यंत आजारी राहू देत.

काल आपला बँड पाहिला आणि ऐकला. पोस्टरवर नाही, कॅसेटवर नाही, प्रत्यक्ष, माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर. संध्याकाळचे सहा वाजले होते, मैदानावर अजून ऊन होतं आणि आठ हजार माणसं डोळ्यांवर हात धरून स्टेजकडे बघत होती. गुडघा दुखतो म्हणून तू आली नाहीस, तरी तुझ्या खुर्चीवर मी माझं जाकीट ठेवलं होतं. पलीकडे एक दंतवैद्य बसला होता, त्याच्या बायकोला मागे कुठेतरी जागा मिळाली होती. त्याने विचारलं, "इथे कोणी येणार आहे का?" मी म्हटलं, "वाटेत आहे." दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, पायी निघालेत का?" तरी मी जाकीट हलवलं नाही. भावाचा हट्ट समज, पण चाळीस वर्षांपूर्वी आपण एकमेकांना शब्द दिला होता की यांना ऐकू तर दोघं मिळून ऐकू. तो मी अर्धाच पाळला. हा त्यांचा निरोपाचा दौरा आहे, आणि आता एकच कार्यक्रम उरलाय, तीन महिन्यांनी, गाडीने दोन तासांवर. त्याला तुला नेल्याशिवाय मी राहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग पुढचं वाच.

चौघंही आले गं. आपण ठेवलेली नावं अजून लागू पडतात. लंबू गायला उभा राहिला, पाठ थोडी वाकलीय, पण माइकसमोर आला की सरळ होतो. सुताराला आता ड्रमच्या मागे पाठ टेकायला खुर्ची लागते. पूर्वी तो दहा घाव घालायचा तिथे आता चार घालतो, पण ते चार असे पडतात की बाकीचे सहा उगाच होते असं वाटावं. खांब अजून खांबासारखाच उभा असतो, फक्त बोटं हलतात आणि बेस पोटात उतरतो. चौथ्याला, त्या गिटारवाल्याला, आपण नाव ठेवलं नव्हतं, कारण तुझं त्याच्यावर प्रेम होतं. (भावोजींना पत्र वाचून दाखवशील तेव्हा एवढं वाक्य गाळ. टक्कल पडलंय त्याला, तेही सांगून टाकतो.) फिरणाऱ्या वस्तूत खोट असली तर झाकण उघडायच्या आधी मला ती ऐकू येते, त्यावरच माझं पोट चाललंय. काल दोन तास कान टवकारून बसलो, चौघांपैकी एकजण तरी दुसऱ्याच्या पुढे पळतोय का ते पाहिलं. नाही पळाला. एखादा थकला की बाकीचे तिघे न बघता त्याच्यासाठी थांबत होते. असं काम मी माझ्या चौदा माणसांकडून वीस वर्षांत करून घेऊ शकलेलो नाही.

तिसरं गाणं पुलाचं होतं. हो, तेच. तुला आठवतंय ना, बाबांच्या फोरमनने टाकून दिलेला तो टेपरेकॉर्डर? टेबलाखाली जमिनीवर आपण दोघं पालथे पडायचो, त्याच्या एका बाजूला तुझं डोकं, दुसऱ्या बाजूला माझं. एकच कॅसेट, दोन वर्षं. तू वहीत गाण्यांचे शब्द उतरवायचीस आणि मी "थांब, मागे घे" म्हणायचो. मग मी केस कापायला गेलो आणि तिथे तेच गाणं लागलेलं. मी खुर्चीतून म्हटलं, "तुमचं टेपचं मशीन फार जोरात पळतंय." त्या माणसाने माझं डोकं धरून सरळ केलं आणि म्हणाला, "पळतोयस तू, आता गप्प बस." घरी येऊन मी आपला टेपरेकॉर्डर उघडला, तर आतला रबरी पट्टा ढिला! दोन वर्षं आपलं मशीन रेंगाळत होतं. लंबू आपल्यासाठी अर्धी पट्टी खाली गात होता, सुतार सावकाश ठोकत होता, आणि त्यालाच आपण खरं मानून बसलो होतो. मी बारा वर्षांचा. नवा पट्टा मिळवून बसवला, मोठ्या ऐटीत तुला बोलावलं. तू अर्धं गाणं ऐकलंस आणि म्हणालीस, "हा कोण घाईत गातोय? आमच्या माणसाला परत आण." आणि जेवायला आली नाहीस. शेवटी मी जुना पट्टा पुन्हा चढवला. माझी पहिली दुरुस्ती आणि पहिलं गिऱ्हाईक, तेही तक्रारीचं.

तर काल पुलाच्या गाण्याआधी लंबू थांबला. पाणी प्यायला आणि म्हणाला की हे गाणं जिथे होतं तिथे आता माझा गळा पोचत नाही, म्हणून आम्ही गाण्यालाच खाली बोलावलंय, तुम्हीही या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुताराने चार मोजले. ताई, पहिल्या ओळीला माझ्या हातावर काटा आला. अर्धी पट्टी खाली आणि चाल सावकाश. दंतवैद्य माझ्या कानाशी म्हणाला, "जरा संथ झालेत, नाही?" तो आपला टेपरेकॉर्डर होता गं! ती चार माणसं चाळीस वर्षं चालत चालत बरोबर आपल्या टेबलाखाली येऊन पोचली होती. मैदानात बाकी सगळ्यांनी म्हाताऱ्या गळ्यासाठी उतरवलेलं गाणं ऐकलं. मूळ गाणं ऐकणारा मी एकटा. त्याची दुसरी वाटेकरी घरी गुडघा शेकत बसली होती.

शेवटी लंबूने खांबाची खोड काढली. म्हणाला, "याचे कान गेलेत हे आम्ही याला दहा वर्षं ओरडून सांगत होतो, आणि हा म्हणायचा, तुम्हीच पुटपुटता." खांब हसला, कानातलं छोटंसं यंत्र काढून त्याने सगळ्यांना दाखवलं, खुंटी घट्ट करावी तसं परत बसवलं आणि एकट्याने असा बेस वाजवला की दंतवैद्य उभा राहिला, मी उभा राहिलो आणि तुझ्या खुर्चीवरचं जाकीट खाली पडलं. मला त्यांच्या वाजवण्याइतकंच हे आवडलं, काय राहिलं आणि काय गेलं ते आठ हजार माणसांसमोर सांगून पुढचं गाणं सुरू करणं.

आता खरं. गुडघा मला पटला नाही. गेल्या महिन्यात तीन जिने चढून तू माझ्या आधी वर पोचलीस. पण त्याच दिवशी किटली तुझ्या पाठीमागे शिट्टी वाजवत होती आणि तू शांतपणे भाजी निवडत होतीस, भावोजींनी उठून ती बंद केली. तू टेबलाच्या एकाच कोपऱ्यात बसतेस, समोरच्याच्या ओठांकडे बघतेस, सगळे हसले की एक क्षण उशिरा हसतेस. दोन वर्षं मला माहीत आहे, ताई. मोटारीचा आजार मी दारातून ओळखतो आणि तोंडावर सांगतो, तुझं ओळखलं आणि गप्प बसलो, कारण तू लपवतेस ते उघडायची माझी हिंमत झाली नाही. तिकिटाला तू नाही म्हणालीस ते "गेले आणि काही ऐकूच आलं नाही तर" या भीतीने, हे मला काल त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून कळलं. मी कानाच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही सांगत नाही, पण यंत्र लागलं तर त्याची सवय व्हायला दोन-तीन महिने जातात. आपल्याकडे बरोबर तेवढेच आहेत. गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, मी दहाला दारात येईन. यायचं नसेल तर तसं दारातच सांग, मी चहा पिऊन परत जाईन आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर हल्ली तू प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणतेस, आणि या एका प्रश्नाला मला तुझं खरं उत्तर हवं आहे.

तुझाच,
धाकटा