मामांच्या टोपीतून गाळलेलं पेट्रोल

आण्णा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम सांगावं असं माझ्या हातून काही झालंच नव्हतं. परवा झालं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, आता हात धू," आणि भाकरी थापायला बसली. ज्याला यातलं कळलं असतं असा माणूस म्हणजे तुम्ही, म्हणून लिहितोय.

आधी जे तुम्हाला आवडणार नाही ते. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. एका पोराच्या थोबाडीत मारली, प्राचार्यांनी माफी मागायला सांगितलं, मी मागितली नाही. आता दोन वर्षं झाली, गॅरेजात आहे. तुम्ही डॉक्टरांची गाडी चालवायचात, पण तिला मला कधी बोट लावू दिलं नाहीत. एकदा मडगार्डवर नुसता हात ठेवला होता तर मनगट धरून नळाखाली नेलंत आणि म्हणालात, "ह्ये हात पेनासाठी हायती." आता माझी नखं तुमच्यापेक्षा काळी आहेत. पण तुम्ही शिकवलं नाहीत म्हणून मी शिकलो नाही असं नाही. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसायचो आणि पुस्तकावरून तुमच्याकडे बघत राहायचो. डॉक्टरांच्या डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायच्या आधी तुम्ही मऊ चामड्यातून गाळायचात. स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास नेऊन त्यात थोडं घ्यायचात आणि उजेडाकडे धरून असं बघायचात की आई म्हणायची, "दुधाकडं कधी एवढं बघितलं न्हाई." तो ग्लास तिनं पुन्हा मांडणीवर चढू दिला नाही. आणि ज्या दिवशी चामडं उंदरांनी कुरतडलं, त्या दिवशी तुम्ही पेट्रोल टोपीतून गाळलंत आणि बोडक्या डोक्यानं घरात आलात. तुमची काळी टोपी दोरीवर वाळत होती आणि सगळ्या घराला पेट्रोलचा वास. आई दोन दिवस बोलली नाही. मी मात्र बघून ठेवलं होतं.

आता ती. तिचं नाव इथं लिहीत नाही, कागद आईच्या हाती पडला तर पंचाईत. तिच्या वडलांची अँबॅसडर आहे, लग्नकार्याला भाड्यानं जाते, स्वतःच चालवतात. गाडी आमच्या गॅरेजात यायची, पण मीच म्हणायला लागलो की एवढ्याशा कामाला गॅरेजात कशाला आणता, मी घरी येऊन करतो. कारण उघड आहे. चहा ती आणते. कप खाली ठेवते, दोन पावलं मागं सरकते आणि दारात उभी राहते. मग माझ्या हातून नट सुटतो. परवाच्या आदल्या दिवशी प्लग पुसून झाले होते, काम संपलं होतं, चहा यायचा होता. म्हणून मी चांगला चालता कारबोरेटर खोलला. आण्णा, तो आतून आरशासारखा स्वच्छ होता. तरी मी दोन तास पुसत बसलो. ती म्हणाली, "एवढं काय बिघडतं हो त्या गाडीत?" मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, सांभाळावं लागतं." तिचे वडील मागं उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कॉलेजचे प्राचार्य आठवले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते तिनंच मला सांगितलं होतं: कॉलेज अर्ध्यात टाकलेला, मारामाऱ्या करणारा, आणि हातात कामही धड नसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी नवरदेवाला घेऊन वैरागला निघाली आणि बार्शी रस्त्याच्या जकात नाक्याशी बंद पडली. मुहूर्त बाराच्या पुढचा. नाक्यावरून गावात येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं गॅरेजात निरोप दिला: काल ज्यानं गाडी खोलली त्याला पाठवा. गॅरेजच्या उस्तादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "जा. लेकिन गुस्सा इधरीच रख के जा." मी पान्यांची पिशवी सायकलला अडकवली आणि निघालो. कारबोरेटर मी उगाच खोलला होता, हे मला ठाऊक होतं. काही उलटसुलट बसलं असेल तर? तिच्या चहाच्या एका कपासाठी मी तिच्या बापाचं नाक कापलं असेल तर?

पोहोचतो तर गाडीला झेंडूच्या माळा, आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव घामानं भिजलेला, आणि बाहेर त्याचे मामा, काळी टोपी, पांढरं धोतर, हातवारे करत. तिचे वडील बॉनेटला टेकून उभे. "या साहेब," ते मला म्हणाले. "काल दोन तास बसला होता की. घ्या, निस्तरा आता." मामा म्हणाले, "मेस्त्री म्हणून ह्ये पोर धाडलंय? मिशी तरी नीट फुटलीय का?" मी पिशवीतून पाना काढला. मग मामा तिच्या वडलांकडे वळले. "पोराला कशाला बोलता? ड्रायव्हर लोकांचं हे नेहमीचंच. आमचं चोख पेट्रोल काढून विकलं असंल आन् वर रॉकेल घातलं असंल."

तिचे वडील पांढरे पडले. बॉनेटला टेकलेला त्यांचा खांदा खाली आला. माझ्या हातात पाना होता आणि तो कुठं मारायचा तेही मला दिसत होतं. पण मला एकदम तुम्ही दिसलात, ग्लास उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "आधी बघू तरी. विड्या विझवा सगळ्यांनी."

कारबोरेटरची वाटी काढली, तळहातावर दोन थेंब घेतले. रॉकेलचा वास नाही, मागं तेलकटपणा नाही. पण एक थेंब उडाला आणि दुसरा तसाच बसून राहिला, अळवाच्या पानावर बसतो तसा. मी नाक्यावरच्या चहावाल्याकडून काचेचा ग्लास आणला, टाकीखालचा बोल्ट सैल करून तो भरला आणि मामांच्या डोळ्यांसमोर धरला. वर पेट्रोल, खाली पाणी, मध्ये धारदार रेघ. "मामा," मी विचारलं, "पेट्रोल कुठं भरलं?"

"भरलं कुठं? घरातनं दिलंय. महागणार म्हणून आधीच दोन डबे आणून ठिवले होते मी."

"डबे कसले?"

"कसले म्हंजे? गोडेतेलाचे. धुऊन घेतलेले."

तेवढ्यात गाडीतून नवरदेव बोलला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलला असावा. "मामा, त्यात तर आपण पाणी भरत होतो की."

आण्णा, तुम्हाला सांगायला नको. नळ येणार कधी ह्याचा भरवसा नाही, तिथं घरात रिकामा डबा म्हणजे पाण्याचाच डबा. मामांनी ते डबे उलटे केले असतील, पण वाळवले नव्हते. जकात नाक्याचा कारकूनसुद्धा खिडकीतून हसला. तिचे वडील हसले नाहीत. त्यांनी नुसता खांदा सरळ केला.

पण हसून गाडी चालत नाही. नाक्यावरून घमेलं आणलं, टाकीतलं पेट्रोल त्यात उतरवलं, पाइप तोंडानं फुंकून साफ केला. आता गाळायचं कशातून? चामडं गॅरेजात. मी मामांच्या डोक्याकडे बघितलं. टोपी जाड, दाबल्या लोकरीच्या नमद्याची, अगदी तुमच्या टोपीसारखी.

"मामा, टोपी द्या."

"कशाला?"

"पेट्रोल गाळायला."

"डोस्कं फिरलंय का तुझं? लग्नाला बोडका जाऊ व्हय मी?"

"द्या की मामा," आतून नवरदेव म्हणाला. "तुमी बोडकं गेलेलं चालंल. मी न्हाई गेलो तर न्हाई चालणार."

टोपी आली. आधी पेट्रोलनं चिंब भिजवली, मग उलटी धरली, आणि तिचे वडील वरून बारीक धार ओतू लागले. पेट्रोल खाली झिरपलं, पाणी टोपीच्या तळाशी गोळा होऊन थरथरत राहिलं. मामा वाकून बघायला लागले. शेवटी तेच म्हणाले, "सावकाश वता, सावकाश. वरनं सांडतंय." तिसऱ्या किल्लीला इंजिन असं लागलं की माळेतला एक झेंडू गळून पडला. मी पिशवी उचलली तर तिचे वडील दार उघडून म्हणाले, "बसा पुढं. वाटेत गाडीनं परत नखरे केले तर?" पुन्हा बंद पडणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. सायकल नाक्यावर ठेवली आणि मी वैरागपर्यंत त्यांच्या शेजारी बसून गेलो. पोहोचलो तेव्हा मुहूर्ताला वेळ उरला होता. पंगतीत बुंदीला पेट्रोलची चव येत होती आणि मी चार वेळा मागून घेतली.

परतताना गाडीत मी आणि तिचे वडील, दोघंच. त्यांनी विचारलं, "टोपीचं कुणी शिकवलं?"

"आमच्या आण्णांनी."

"काय करायचे ते?"

"ड्रायव्हर होते. डॉक्टरांच्या गाडीवर."

त्यांनी गियर बदलला. "मग आधी सांगायचं की," ते म्हणाले. नाक्यावर माझ्या सायकलीपाशी गाडी थांबवून म्हणाले, "रविवारी आईला घेऊन या. गाडीला काही झालेलं न्हाई, तरी या."

उद्या रविवार. आईनं पातळ काढून ठेवलंय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. कॉलेजात त्या पोराला मी का मारलं, हे मी सगळ्यांना एकच सांगत आलो: त्यानं माझ्या बापाचा अपमान केला. तसं नव्हतं. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर होतात असं मी वर्गात सांगून ठेवलं होतं. तो चार पोरांत एवढंच म्हणाला की ह्याचे वडील ड्रायव्हर होते, आमच्या घरचे ओळखतात त्यांना, लई चांगला माणूस होता.