आधी कुणाचा मास्क

खोपट, ठाणे
मंगळवार

चि. सौ. रंभा हिला शुभदाताईचे भरपूर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? पोपटरावांचा खोकला? (त्यांना म्हणावं, आता तरी तपकीर सोडा.) फोनच केला असता, पण फोन लावला की आमचे हे जवळ येऊन बसतात आणि हकिगत आपल्या ताब्यात घेतात. म्हणून पत्र.

आमच्या नीलकडे बेंगळुरूला गेलो ते विमानाने, आयुष्यात पहिल्यांदा. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक राहिलेला माणूस. बसल्याबरोबर यांनी समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड काढून तीनदा वाचलं. हवा कमी झाली तर वरून मास्क पडतात, ओढून आधी स्वतःला लावायचा, मग दुसऱ्याला. हे माझ्याकडून पाठही करून घेतलं. (शेजारची संचिता नावाची कॉलेजातली मुलगी हसू दाबत होती.)

तासाभराने माझे कान दुखले आणि खरंच मास्क पडले. मी समोरचा मास्क ओढला आणि यांच्या तोंडाला लावला. त्याच वेळी यांनी दुसरा ओढून माझ्या तोंडाला लावला, पण त्याचं इलॅस्टिक माझ्या अंबाड्यात अडकलं. यांचे हात माझ्या डोक्यामागे, माझे यांच्या. लग्नात हार घालतानाही एवढी झटापट झाली नव्हती. मास्कमधून यांचं एकच चाललेलं, "श्वास घे, शुभदा, श्वास घे." चारचौघांत माझं नाव घेतलं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा! (उखाणा सोडून.)

विमान खाली आलं, मास्क निघाले, सुखरूप जमिनीला टेकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचिताने विचारलं, "काका, आधी कुणाचा लावायचा होता?" यांनी ते कार्ड समोरच्या खिशात परत ठेवून दिलं. पण माझा हात सोडला तो थेट बॅगा आल्यावर.

आता सोसायटीत सांगतात, की दोन सेकंदांत स्वतःचा लावला, मग माझा, मग आणखी आठ प्रवाशांचा.

मुलांना पापे. तब्येतीला जप.

तुझी,
शुभदाताई

ता.क. खरं काम हे, की रविवारी आम्ही तुमच्याकडे खडवलीला येतोय. हे आठ प्रवाशांची हकिगत सांगतील. तुम्ही दोघांनी तोंडाचा आ करून ऐकायची. हसायचं नाही.

ता.क. रंभा, हिने पत्र टाकायला माझ्याच हाती दिलं, पाकीट उघडंच. वाचलं. नियम मला पाठ होता. त्या वेळीही आठवत होता. पोपटरावांना यातलं काही कळू देऊ नकोस. पाकिटाला डिंक मी लावतो आहे. — दामाजी