समुद्रावरची सक्तीची विश्रांती

सावेडी, नगर
बुधवार, सकाळ

ती. सुरेखाताई यांना
फिलोमिनाचा प्रेमपूर्वक सलाम.

देवाच्या दयेने मी इकडे ठणठणीत आहे आणि तुम्हीही असाल अशी आशा करते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब वेळेवर घालत असालच (चार वेळा म्हणजे चार वेळा, आठवण झाली की घालायचे नसतात). कोंबड्याही बऱ्या असतील. सोमवारी सकाळच्या एसटीने तुमचे बंधुराज महिनाभर राहायला म्हणून मिरजगावी तुमच्याकडे आले आहेत, तेही सुखरूप पोचले असतील. पोचल्याचा फोन त्यांनी पुण्याला एंजेलाला केला, मला नाही. चालायचेच. मुलगी ती मुलगी, बायको काय, असतेच घरात. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एक महिना बहिणीकडे गेला तर त्यात एवढे काय, आणि मला तर उलट बरेच वाटते आहे, घर कसे शांत आहे. पण एव्हाना त्यांनी आपली बाजू तुम्हाला सांगितली असणार आणि तुम्ही पदराने डोळे पुसले असणार (थेंब घातल्यावर डोळे पुसायचे नाहीत). तेव्हा आता माझीही बाजू ऐका.

मुळात ही जहाजाची कल्पना तुमची. नाताळात आमच्याकडे तिसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेता घेता तुम्हीच म्हणालात, "फिलू, याला एकदा समुद्रावर ने गं. तोंड बघ कसं झालंय, बंद पडलेल्या कारखान्यासारखं." एंजेलाने ते ऐकले आणि ताट हातात असतानाच मोबाईलवर चार दिवसांचे जहाज ठरवून टाकले. हे जहाज मुंबईहून निघते, पाण्यात फिरते आणि मुंबईलाच परत येते. निघाले तिथेच परत यायचे तर त्यासाठी अकरा मजली जहाज कशाला लागते हे मला अजून कोणी समजावलेले नाही. रिक्षाने केडगावला जाऊन आलो असतो तरी तेवढाच पल्ला झाला असता, आणि रिक्षात कोणी माईक घेऊन नाचा म्हणत नाही.

त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यापासून डॉक्टरांचे सांगणे एकच आहे: विश्रांती निम्मी, हालचाल निम्मी. आता निम्मे म्हणजे निम्मे. मी चौतीस वर्षे दवाखान्यात काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून, आणि तक्ता नसेल तिथे रुग्णाचे काय होते ते डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून निघण्यापूर्वी मी चार दिवसांचा ड्यूटी चार्ट आखला. निळ्या पेन्सिलीने विश्रांती, लालने हालचाल, आणि शेवटच्या रकान्यात सहीला जागा. तुमच्या बंधुराजांनी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात लोकांची हजेरी लावण्यातच जन्म घालवला, तेव्हा त्यांना रकान्यांचे वावडे असायचे काही कारण नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळीकडे सह्याही केल्या. फक्त दुपारी दोन ते चार पडून राहताना डोळे उघडे ठेवले. झोप येत नाही म्हणाले. मी म्हटले, झोपायला कोण सांगतेय, विश्रांती घ्या.

पण त्या जहाजाला विश्रांती हा शब्दच ठाऊक नाही, ताई. रोज संध्याकाळी उशीवर एक छापील कागद ठेवतात. त्यात दुसऱ्या दिवशीचे चाळीस कार्यक्रम. टॉवेलचा हत्ती करायला शिका, भोपळ्यावर फुले कोरायला शिका, डोळे बांधून आइस्क्रीम ओळखा. आयुष्यभर ज्यांनी घरात टॉवेलची घडी केली नाही असे बाप्ये तिथे रांगा लावून टॉवेलचे हत्ती करत होते आणि त्यांच्या बायका फोटो काढत होत्या. मधल्या वेळात खाणे. सकाळी सातला सुरू होते ते थांबतच नाही. माणसे एका हातात डोसा आणि दुसऱ्या हातात केक घेऊन लिफ्टमध्ये शिरतात आणि व्यायामशाळा कुठे आहे म्हणून विचारतात. वरच्या डेकवर पडायला खुर्च्या आहेत, पण पहाटेच लोक त्यांवर रुमाल, टोप्या टाकून जागा धरून ठेवतात, एकाने तर पोराची चड्डी टाकली होती. आपल्याकडे माळीवाड्याच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकतात तो निदान मनुष्य पाठोपाठ आत चढतो तरी. इथे रुमाल दिवसभर समुद्र बघत पडलेला आणि मालक खाली हत्ती करतोय. मी सात रुमाल गोळा करून ऑफिसात जमा केले. कोणी आभार मानले नाहीत.

त्यात तो सॅम. चाळिशी उलटलेला, चमचमत्या जाकिटातला गृहस्थ, लोकांना आनंदी करायला पगारावर ठेवलेला. कुठेही डोळा लागला की हा माईक घेऊन येतो आणि आवाज बारीक आला, आवाज बारीक आला म्हणून ओरडतो. मी त्याला बाजूला घेऊन इंग्रजीत सांगितले (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांनी शिकवलेले इंग्रजी, सिनेमातले नव्हे), की सभ्य ठिकाणी दुपारी दोन ते चार शांतता पाळतात. त्याने मला एक फॉर्म दिला. त्यावर हसरे, बरे आणि रडके अशी तीन तोंडे काढलेली होती, आपल्याला वाटते त्यावर खूण करायची. या देशात तक्रार करायलाही आता लिहिता येण्याची गरज उरलेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तुमच्या बंधुराजांनी माझ्या बशीशेजारी एक कागद ठेवला. जहाजाच्याच छापील कागदाची कोरी बाजू. मजकूर जसाच्या तसा देते: "मा. मेट्रन साहेब, विषय: किरकोळ रजा मिळणेबाबत. महोदया, मी आपल्या हाताखाली एक्केचाळीस वर्षे सेवेत असून आजवर एकही रजा घेतलेली नाही. तरी आज दुपारी दोन ते चार या वेळेत विश्रांतीपासून रजा मिळावी ही नम्र विनंती. आपला विश्वासू, यशया." माझ्यापुढे बसून गंभीर चेहऱ्याने पपई खात होते. शेजारच्या टेबलावरची बाई वाचून फिदीफिदी हसली. मी पर्समधून पेन काढून खाली शेरा मारला: "रजेचे कारण नमूद नाही. नामंजूर." सही केली, तारीख घातली. आता तुम्हीच सांगा, यात माझे काय चुकले? कारण लिहिले असते तर विचार केला असता. (केला असता की नाही, कोण जाणे. पण लिहायचे तर होते.)

दुपारी दोनला मी अंघोळीला गेले आणि सव्वादोनला बाहेर येते तो पलंग रिकामा. बिनपगारी गैरहजर! ताई, स्प्रिंगा बसवलेला माणूस, चोहीकडे पाणी. मी जिने चढले, जिने उतरले, पोहण्याच्या हौदात वाकून पाहिले, हत्तींच्या वर्गात पाहिले. देवश्री नावाची एक पोरगेली बाई चौकशीच्या खिडकीत होती, ती म्हणाली, "आंटी, रिलॅक्स." मला! मी म्हटले, माझ्या माणसाला शोधण्यासाठी लाऊडस्पीकरवर सूचना द्या. सूचनाही मीच स्वच्छ अक्षरात लिहून दिली, आणि त्या सॅमने ती हिंदी, इंग्रजी आणि वर मोडक्या मराठीत सबंध जहाजाला वाचून दाखवली: अहिल्यानगरचे श्री. यशया यांनी असतील तिथून ताबडतोब खोलीत परतावे, त्यांच्या विश्रांतीची वेळ सुरू होऊन पंचवीस मिनिटे झाली आहेत, मिसेस वाट पाहत आहेत.

त्या खिडकीच्या वर भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे. चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात जे चालते ते त्यावर दिसते. सूचना चालू असतानाच मी सहज वर पाहिले. स्टेजवर पेटीवाला एक, आणि शेजारी मांडी घालून, गुडघ्याखाली ढोलकी दाबून, तुमचा भाऊ. हात वर उचललेला. प्रवाशांनी कला सादर करायच्या त्या कार्यक्रमात आदल्या दिवशीच नाव देऊन आले होते, मला न सांगता. सूचना तिथेही ऐकू गेली. सगळे सभागृह हसले. त्यांनी हात खाली घेतला, ढोलकी आडवी केली, पाळण्यात मूल ठेवावे तशी हलक्या हाताने पेटीवाल्यापाशी ठेवली, आणि स्टेजवरून उतरले.

खोलीत येऊन ते चार वाजेपर्यंत पडून राहिले. डोळे मिटून. चारला उठून तक्त्यावर सही केली. पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये, जेवणाच्या रांगेत, जो तो "काका, विश्रांती झाली का?" म्हणून विचारायचा आणि हे प्रत्येकाला हसून "झाली, झाली" म्हणायचे. माझ्याशी एकही वाकडा शब्द नाही. तक्त्यातली एक ओळ चुकवली नाही. चौतीस वर्षांत इतका आज्ञाधारक रुग्ण मला मिळाला नव्हता, आणि इतका राग मला कुठल्याच रुग्णाचा आला नव्हता. परत आल्यावर रविवारी चर्चमधून घरी येताना रस्त्यातच म्हणाले, "उद्या ताईकडे जातो. महिनाभर राहीन म्हणतो." विचारले नाही, सांगितले.

तुमच्या घरात खुंटीला त्यांची ढोलकी आहे हे मला ठाऊक नाही असे समजू नका. मीच तिला घराबाहेर काढले. तेव्हा मला सलग सहा महिने नाइट ड्यूटी होती आणि भर दुपारी हे चर्चच्या भजनी मंडळाचा सराव घरी करायचे. मी म्हटले, या घरात एक तर ती ढोलकी राहील नाही तर मी. दिवसा झोपल्याशिवाय रात्री माणसांना सुया कशा टोचायच्या? त्याच आठवड्यात त्यांनी ती एसटीने तुमच्याकडे नेऊन ठेवली. वाद नाही, कुरकुर नाही. माझी नाइट ड्यूटी संपून तीस वर्षे झाली. परत आणा म्हणायचे माझ्या लक्षात आले नाही, आणि त्यांनी कधी विषय काढला नाही. मला वाटले, विसरले असतील. माणसाने तोंड उघडून सांगायला नको का? अर्ज करता येतो, कारण लिहिता येत नाही!

असो. तर तुम्ही त्यांना खुशाल महिनाभर ठेवून घ्या. दोन महिने ठेवा. मी इकडे अत्यंत मजेत आहे.

कळावे, लोभ आहेच.
तुमची भावजय
फिलोमिना

ता. क. गोळ्यांच्या डबीत सकाळचे, दुपारचे, रात्रीचे कप्पे मी भरून दिले आहेत. रात्रीची पांढरी गोळी ते जिभेखाली लपवतात. तोंड उघडायला लावा.

ता. क. २. महिनाभर म्हणाले खरे, पण शर्ट तीनच नेले आहेत. तीन शर्टांत महिना कसा निघतो ते त्यांना विचारा. सहज विचारा. मी विचारले म्हणून सांगू नका.

ता. क. ३. तुमच्या गावचा अजिनाथ टोमॅटो मार्केट यार्डात टाकून परत निघाला आहे, त्याच्या हाती पत्र देते. दारात टेम्पो उभा करून हॉर्न वाजवतो आहे. "मॅडम, पत्र लिवताय का पुस्तक? आमाला जायचं हाय." वर म्हणतो, पुढची सीट रिकामी हाय, येता का, लई झ्याक वारा लागतो. मी त्याला सांगितले की निवृत्त मेट्रन टोमॅटोच्या टेम्पोत बसत नसते.

ता. क. ४. अक्षर वाईट आहे, कारण टेम्पो हलतो आहे. गॅस बंद केला आहे, कुलूप दोनदा ओढून पाहिले आहे. मिरजगावच्या अलीकडच्या हॉटेलात मी चहाला उतरते आणि अजिनाथला पत्र घेऊन पुढे पाठवते. तुम्हाला वाचायला अर्धा तास मिळेल (चष्मा शोधायची दहा मिनिटे त्यात धरली आहेत). एकच मागणे आहे. तुम्हीच मला बोलावून घेतलेत असे यशयाला सांगा. कारण काहीही द्या, तुमच्या खोट्याबद्दल रविवारी मी प्रार्थना करीन. आणि तो ढोलकी घेऊन बसला असेल, तर मी दारात आले म्हणून त्याला थांबू देऊ नका.