रंगीत दिवाणखान्याची चावी

मी सूर्यभान वल्द देवीदास, जात माळी, धंदा आधी भाजीपाल्याचा, मग कापसाचा, राहणार अमरावती. वैद्याने हात टेकले आहेत, डोके मात्र शाबूत आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या लाजेने हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो.

अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा मुंबईच्या साहेबाकडून नकाशा काढवून मी हे घर बांधले. वऱ्हाडात असे दुसरे नाही, हे आजही सांगतो. अकोल्या-अचलपुराहून लोक पाहायला येतात. चार वर्षे मीच काठी हातात घेऊन त्यांना फिरवतो. आधी ओसरी, मग जिना, मग रंगीत काचांचा दिवाणखाना. तिथली काळी भिंत दाखवून म्हणतो, "माझ्या बायकोच्या हातून समई लवंडली." पाहुणे हळहळतात आणि काचा पाहू लागतात.

हे खोटे आहे. भर दुपारी समई कोण लावतो?

भाव चढेल म्हणून मी दिवाणखान्यात छतापर्यंत कापूस रचला. वजन भरावे म्हणून पाणी शिंपडले. शिंपडत सगळेच, पण ओला कापूस असा कोंडत नसत. खिडक्यांना गज होतेच. चोरांच्या भीतीने मी काचांच्या झडपांनाही खिळे मारवले. बायको मनकर्णा म्हणाली, "अवो, ढीग आतून तापून राहिला. हात घालून पाहा. पसरवून द्या." मी म्हणालो, "वजन उतरंल."

ती वेचणाऱ्या बायांना ओंजळभर कापूस देते, असा माझा संशय होता. त्या दुपारी बायांनी वर फिरकू नये आणि हिने काही देऊ नये, म्हणून तिलाच राखणीला आत ठेवले, बाहेरून कुलूप लावले आणि चावी कमरेला खोचून बाजारात गेलो. ढीग आतून पेटला. धुरानेच तिचा जीव घेतला. तिने एक लाल काच फोडली होती. गजांतून बाहेर आलेला आईचा हात अंगणातून आमच्या कौशल्येने पाहिला. मोलकरीण गोदाबाई दारावर कुऱ्हाड घालत राहिली. साहेबाचे सागवानी दार हलले नाही. मी आलो आणि चावीने उघडले.

कौशल्या त्या दिवसापासून या घरचे पाणी पीत नाही.

मळा, विहीर, बैलजोडी गोदाबाईला. भाऊ खुशालराव याला माझी काठी. समईची गोष्ट त्यानेच सुचवली, त्याने ती टेकत फिरावे. घर कौशल्येला. पाहुण्यांना घर दाखवणे बंद करू नये. गोदाबाईने आधी खिळे दाखवावेत, मग वर लिहिले आहे ते सांगावे. ती लाल काच मी नवी बसवली आहे. ती काढून टाकावी, पुन्हा बसवू नये.

पाहुणे आत असताना दार बाहेरून लावावे आणि शंभर आकडे मोजून उघडावे.

वरची ओळ रद्द. मजकूर ऐकायला कौशल्येला बोलावले होते. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा, आता अजून कोणाले काहून कोंडता? चावी द्या मले." चावी माझ्या कमरेलाच होती. गाठ सुटेना. ती आत आली आणि तिने सोडवली.

मुक्काम अमरावती, शके १७९०, विभवनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी.

सूर्यभान वल्द देवीदास, दस्तुर खुद्द
साक्षी: गोवर्धन वल्द महादेवराव, अकोला
साक्षी व लिहिणार: शालिकराम, अमरावती

चावी पोचली. कुलूप विहिरीत टाकले.
कौशल्या हिचा अंगठा