बेबी मुंबईला का गेली नाही

बदनापूर
मे १९९९

प्रिय कांता,

मंठ्याला तुम्ही सगळे सुखरूप असाल असं धरून चालते. इकडं ऊन नुसतं भाजून काढतंय, हातपंपाचा दांडा मारून मारून खांदे निघतात तेव्हा कुठं घागर भरते, आणि तुझ्या दादाशी माझं बोलणं बंद आहे. पहिल्या दोन गोष्टी दर उन्हाळ्याच्या. तिसरी तुझ्या कानावर आलीच असेल, पण ती ठाण्याहून आली असणार, म्हणजे उलटी. उषाच्या अंगात आलं, पोरीची सुट्टी नासवली, थोरल्या दिराचा मान ठेवला नाही, असंच ना? लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुला मात्र मी ओळीनं सगळं सांगणार आहे. या घरात मी नवी आले तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा हसून बोललेली तू होतीस, चुलीपुढं बसून मला कोण कसं आहे ते हळूच सांगणारीही तूच. म्हणून तुलाच लिहिते.

फाल्गुनात केदारखेड्याच्या लग्नाला ठाण्याहून माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या ते तुला आठवत असेल. तू लग्न लावून लगेच मंठ्याला गेलीस, त्या मात्र आमच्याकडं बदनापूरला राहिल्या. येताना त्यांनी बेबीसाठी मुंबईच्या त्या पाळण्यांच्या बागेचा रंगीत कागद आणला होता. उलटे फिरणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या लाटांचं तळं. जाऊबाई म्हणाल्या, “परीक्षा झाली की सगळेच या. तुझे बद्रीनाथ भाऊजी सगळ्यांना घेऊन जातील. बेबी आता मोठी झाली, तिनं जग बघायला नको का?” कांता, पोरगी त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. कागद तिनं कणकेच्या चिकीनं कपाटावर चिकटवला. शेजारच्यांनी घर बांधायला रेती आणून टाकली होती, त्या ढिगावरून खताच्या गोणीवर बसून ती आणि धाकटा देवानंद दिवसभर घसरायचे. पाण्याच्या घसरगुंडीची सवय करून राह्यलो म्हणायची. सहावीची परीक्षा डोक्यावर आणि केसांत ही एवढी रेती.

मीसुद्धा काही कमी नव्हते. माझं माहेर आणि बदनापूर सोडून मी पाहिलं आहे काय? साडी नेसून त्या तळ्यात जाऊ देतात का, हे मी चांदपाशाच्या बायकोला विचारून आले. फोनच्या दुकानात बसून तिला जगाची माहिती असते. ती म्हणाली, कपडे तिथं भाड्यानं मिळतात, पण ते घालून माणसांसमोर यायची तुझी हिंमत होणार नाही. आम्ही दोघी हसून हसून रडलो. मी शंकरपाळ्यांचा डबा कोणता न्यायचा ते ठरवलं, देवानंदला गाडीत मळमळतं म्हणून लिंबं बाजूला काढली, तुझ्या दादाचा पांढरा शर्ट नीळ घालून ठेवला. आठवलं की त्या शर्टाचीसुद्धा शिसारी येते मला.

कारण तेव्हा दिसलं नाही ते आता दिसतं. त्या मुक्कामात जाऊबाईंनी बेबीला तीनदा चहा करायला लावला. भाकरी थापता येते का, बघू. भांडी घासून दाखव. नखं बघितली. वेणी सोडून टाळू बघितली, उवा आहेत का म्हणून. सोबत त्यांची सून आणि तान्हं नातवंड होतं, ते रडलं की, “बेबी, घे गं त्याला.” बेबीनं कडेवर घेतलं की ते गप्प व्हायचं, आणि सासूसुना एकमेकींकडं बघून मान हलवायच्या. मला वाटलं माझ्या लेकीचं कौतुक चाललंय. मी आणखी पुढं होऊन सांगितलं, तिला कढी येते, निवडणं येतं, लहान लेकरू तर कसं छान सांभाळते! बाजारात गाईचे दात बघतात तसं चाललं होतं, कांता, आणि आई बाजूला उभी राहून गुण सांगत होती.

मग एप्रिलमध्ये आठवडी बाजारात गौहरबाई भेटल्या. शाळेत बेबीच्या वर्गाला त्याच शिकवायच्या. वांगी निवडता निवडता म्हणाल्या, “बेबीची मम्मी, हे बराबर न्हाई केलं तुम्ही. पोरगी हुशार हाय. सातवी तरी होऊ द्यायची होती.” मला काही कळेना. मी म्हटलं, सातवी न व्हायला काय झालं? त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचे मिस्टर आल्ते शाळेत. मोठ्या गुरुजींना बोलले, पुढच्या वर्षी तिचं नाव धरू नका, ती मुंबईकडं राहायला चालली. तुम्हाला ठाऊक न्हाई का?” वांगी तशीच टाकून मी घरी आले.

तुझे दादा ओसरीवर मोटारसायकलीची साखळी पुसत बसले होते. मी विचारलं. आधी नाही म्हणाले, मग गौहरबाईंना चार शिव्या दिल्या, मग मान खाली घालून साखळी पुसत पुसत बोलले, “भाऊनं शब्द टाकला. सुनबाईला नोकरीवर जावं लागतं, बाई टिकून न्हाई राह्यली. दोन-तीन वर्षाचा तर प्रश्न हाय. लेकरू चालायला लागलं की धाडून देतील.” मी विचारलं, आणि शाळा? “तिकडं घालतील की जवळपास.” मी विचारलं, आणि पाळणे? तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं आणि सगळंच सांगून टाकलं. पाळणे आधी दाखवायचे. दिवसभर खेळून पोरगी दमून झोपेल. पहाटे तिला न उठवता आपण निघायचं. “जातानी चौघं, येतानी तिघं. रडारड नको म्हणून तुला नव्हतं सांगितलं. तिथं गेल्यावर सांगणारच होतो.”

मी त्यांना एकच विचारलं, की बदल्यात तुम्हाला काय कबूल केलं भाऊनं? नोकरी? धंद्याला हातभार? ते अगदी दुखावल्यासारखे म्हणाले, “काहीच न्हाई. तसला माणूस समजती का मला? भाऊ हाय माझा.” कांता, खरं सांगते, ह्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. हावेनं आंधळा झालेला माणूस निदान कळतो तरी. इथं कशाचीच हाव नव्हती. थोरल्यानं पाट मागितला तर पाट द्यायचा, लेक मागितली तर लेक द्यायची, इतकंच. नाही म्हणायची सवय नाही, म्हणून. अकरा वर्षांच्या लेकीला झोपेत टाकून पाय न वाजवता जिना उतरायचं, हे ठरवून हा माणूस रोज रात्री तिच्याच शेजारी घोरत होता. सकाळी तिला विचारत होता, कोणत्या पाळण्यात आधी बसशील गं?

दुसऱ्या दिवशी मी चांदपाशाच्या दुकानातून ठाण्याला फोन लावला. वाटलं होतं, जाऊबाई चपापतील, सारवासारव करतील. त्यांना कशाचंच काही नव्हतं. म्हणाल्या, “अगं, एवढं काय त्यात? तिथं राहून काय करणार आहे ती, शेण थापणार? इथं चार चांगल्या लोकांत राहील, बोलायला शिकेल. बाहेरची बाई ठेवली की हात मारते, तेल-साखर पळवते. आपल्या घरची मुलगी असली की कसं बिनघोर.” मी म्हटलं, आपल्या घरची म्हणता, मग तुमच्या मुलीला तुम्ही कोणाकडं भांडी घासायला ठेवली होती? तेव्हा त्यांचा आवाज बदलला. “हे बघ उषा, उपकार मान. पाळणे दाखवणारच आहे ना मी तिला? फुकट थोडीच ठेवून घेते?” मी फोन ठेवला. बाहेर येऊन नालीच्या कडेला बसले आणि मला खरोखरीची ओकारी झाली. चांदपाशानं तांब्या भरून आणून दिला. फोनच्या खोक्याच्या काचेतून बाहेर सगळं ऐकू जातं.

जायचं मोडलं हे बेबीला मी सांगितलं, का मोडलं ते सांगितलं नाही. तिथं चुकायला नको होतं, पण बापाबद्दल लेकीजवळ बोलावं कसं? ती माझ्यावर तुटून पडली. तू खोटारडी आहेस, तुला आमचं चांगलं बघवत नाही, म्हणाली. जेवण सोडलं. आणि तुझे दादा, ऐक, तिची समजूत काढायला बसले! “काय करू बाळा, तुझी आईच नको म्हणती.” मी भाकरी भाजत होते, तशी उठले. हाताला पीठ तसंच. पोरीला परसात नेलं आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. शेवटी फक्त विचारलं, “पप्पाला माहीत होतं?” मी होय म्हटलं. ती आत गेली, कपाटावरचा कागद नखानं खरवडून काढला, आणि चिकीचे डाग राहिले होते ते ओल्या फडक्यानं पुसून काढले. बाप समोरच बसला होता. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. अजून बघत नाही. तो जेवायला बसला की ती उठून परसात जाते. मी वाढते, कारण वाढायला लागतं, पण त्यांच्या ताटात भाकरी ठेवताना मी ती वरूनच सोडते, माझं बोट ताटाला लागू नये म्हणून.

मागच्या आठवड्यात जालन्याला प्रदर्शन लागलं होतं. मी दोन्ही पोरांना घेऊन गेले. तिथं मोठा पाळणा होता, बऱ्यापैकी उंच, दिव्यांच्या माळा लावलेला. देवानंद उड्या मारायला लागला. बेबीला म्हटलं, जा बस. ती म्हणाली, “मला न्हाई बसायचं. तू बसतीस का?” मी म्हटलं, मला भीती वाटते. “मंग आपण दोघी खालीच थांबू,” म्हणाली, आणि माझा पदर धरला. चालायला शिकली तेव्हा धरायची, तसा. देवानंद वरून ओरडून हात हलवत होता. आम्ही खालून हात हलवत होतो. तिचं लक्ष पाळण्याकडं नव्हतं. ती आजूबाजूच्या बापांकडं बघत होती, लेकरांना खांद्यावर घेऊन उभे होते त्यांच्याकडं. त्या घटकेला ठाण्याच्या त्या घराला आग लागावी असं माझ्या मनात आलं. देवानं ऐकलं नाही, बरं झालं, आत एक तान्हं लेकरू आहे आणि त्याचा काही दोष नाही.

आता हे पत्र एवढ्या घाईनं का लिहिते ते सांगते. तुझा दीर वसंता आज बियाणं न्यायला बदनापूरला आला होता, तो चहाला आमच्याकडं आला. मोठ्या कौतुकानं म्हणाला, “वैनी, आमची शिवकन्या चालली बरं मुंबईला. पाळणे बघायला. बद्रीभाऊ स्वतः येऊन राह्यले घ्यायला, ह्या गुरुवारी. नवा फ्राक बी धाडलाय तिला.” मी त्याला थांबायला सांगून कागद घेतला. तो बाहेर माझी वाट बघत उभा आहे, मंठ्याची गाडी गाठायची आहे त्याला, म्हणून अक्षर असं पळतंय. कांता, भाऊ तुझा आहे, सख्खा आहे, तुला माझा राग येईल. येऊ दे. वहिनी आग लावते म्हण, दिवाळीला येऊ नको म्हण, मी सोसेन. पण गुरुवारी भाऊजी दारात आले की त्यांना पाणी दे, चहा दे आणि एकट्यालाच परत लाव. आणि तुझ्या शिवकन्येला जायचं का म्हणून विचारू नकोस. ती होच म्हणेल. बारा वर्षांची आहे, आणि पाळण्यांत बसवतो म्हणून तिला तिच्या मामानं सांगितलंय.

तुझीच,
उषावहिनी