तीस दिवसांत रिकामे झालेले कप्पे

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा असल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं. उजव्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत, त्यावरून मी काय समजायचं ते समजलो.) भाऊजींचा खोकला, गच्चीतली कुंड्यांची रांग आणि शेजारणीशी चाललेला तुझा अबोला, सगळं यथास्थित असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. नऊ दिवस झाले, संतापामुळे जेवण जात नाही. तरी दोन्ही वेळा पोटभर जेवतो, कारण रागवायलाही अंगात ताकद लागते.

पत्रास कारण तुझी लेक. आपली मुंगी. तिच्यामुळे येत्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या दुरुस्ती मंडळाच्या सभेत माझ्यावर अविश्वासाचा ठराव येतोय. बावीस वर्षं मी या मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि रविवारी साडेचारला असेन की नाही याची खात्री मला देता येत नाही. तू म्हणशील, भाचीने काय केलं? सांगतो. बस. पाय स्टुलावर ठेव.

आमचं मंडळ तुला माहीत आहेच. लोकांनी मोडकी वस्तू आणायची, आम्ही ती नीट करून द्यायची. पंखा, इस्त्री, गजराचं घड्याळ, रेडिओ. भंगारात टाकून नवी आणायची जी आजची बेशरम रीत आहे तिच्याविरुद्ध हे आमचं युद्ध आहे, आणि या युद्धात आम्ही पहिल्या दिवसापासून एक तत्त्व पाळलं: पावती द्यायची नाही. पावती म्हणजे काय? पावती म्हणजे 'तू खोटं बोलशील' असं छापील कागदावर सांगणं! आमच्याकडे माणूस येतो, आपलं नाव सांगतो, वस्तू सांगतो, कौंटरवरच्या बाई वहीत बघतात, अमुक फळीवरून वस्तू काढतात, देतात. वस्तूला फक्त फळीच्या क्रमांकाची चिठ्ठी. कोणाची ती वही सांगणार. बावीस वर्षं एकही वस्तू चुकीच्या घरी गेली नाही. (एक टोस्टर गेला होता, पण ज्याच्याकडे गेला त्याने तो आणखी सुधारून परत आणला. याला मी चूक मानत नाही.)

तर मुंगी चार दिवसांच्या सुट्टीवर आली आणि वही बघून हसली. हसली, ताई! बावीस वर्षांच्या वहीला! म्हणाली, "मामा, हे मी कॉम्प्युटरवर करून देते, दोन तासांचं काम आहे." मी म्हटलं, त्यासाठी मोठा डेटाबेस लागेल, तो बसवायला माणूस लागेल, त्याचे लाड करावे लागतील. मलाही थोडं वाचन आहे. तर ती म्हणाली, ते दिवस गेले. जावास्क्रिप्ट ही जी भाषा आहे ती ज्याच्यावर चालते त्याला रनटाइम म्हणतात, आणि हल्ली नव्या रनटाइमच्या पोटातच डेटाबेस तयार येतो. बसवायचं काही नाही. एक ओळ लिहायची, उघडला. आत नुसते कप्पे. कप्प्याच्या दारावर जे नाव लिहायचं ती 'की', आत जे ठेवायचं ती 'व्हॅल्यू'. दारावर लिहिलं 'निवृत्त हेडबाई, पंखा', आत लिहिलं 'फळी सतरा, घरघरतो'. संपलं.

मी विचारलं, पोटातच येतो म्हणजे? मागितला कोणी? मी टेबल विकत घ्यावं, खण उघडावा, आत एक कारकून बसलेला निघावा आणि त्याने म्हणावं की मी टेबलाबरोबरच येतो, तर मी काय करावं? त्याला चहा पाजावा? जे न मागता आत येऊन बसतं ते पुढे काय काय करील याचा इतिहासाने मानवजातीला पुरेसा धडा दिलेला आहे! पण मुंगीने तोवर निम्मं काम संपवलं होतं. तीन दिवस कौंटरवर बसून तिने बारीकसारीक प्रश्न विचारले, मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं, आणि चौथ्या दिवशी आम्ही जुनी वही कागदगिरणीला समारंभपूर्वक अर्पण केली. मी पाऊण तास बोललो. विषय होता 'कागदाची गुलामगिरी'. टाळ्या चांगल्या पडल्या.

पहिला अपमान आठवडाभरात झाला. एका टोस्टरबद्दल मी माझं निदान त्या कप्प्यात लिहीत होतो. टोस्टर साधा नव्हता, ताई. तो असा मुद्दाम बनवलेला होता की आतले स्क्रू कोणाला उघडता येऊ नयेत. हा कारखानदारांचा कट आहे आणि त्यावर सविस्तर लिहिणं माझं कर्तव्य होतं. रोज थोडं थोडं लिहीत गेलो. सहाव्या दिवशी यंत्राने लिहायला नकार दिला. कप्प्याला माप आहे म्हणे! मी मुंगीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, टोस्टरबद्दल एवढं काय लिहिलंत?" वर म्हणाली, आपल्या लिपीतल्या एकेका अक्षराला इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा लागते, म्हणून लवकर भरलं. ऐकलंस? तिप्पट! म्हणजे त्यांनी तीन पानं बोलायचं आणि आपण एक! हा कप्पा कोणाच्या मापाने शिवला? मी त्यावर एक निवेदन तयार केलं, पण ते ठेवायचं कुठे हा प्रश्न आला.

दुसरा अपमान असा. एका इस्त्रीच्या नोंदीत मी पलीकडच्या टेबलावरून 'वायर बदलावी' लिहीत होतो, त्याच वेळी कौंटरवर बाईंनी 'वायर बदलली' लिहिलं. यंत्राने त्यांचं घेतलं आणि माझं परत केलं, की तुम्ही वाचलंत त्यानंतर ही नोंद बदलली आहे, पुन्हा वाचून मग लिहा. मी, अध्यक्ष! पुन्हा वाचून! (आमचे घड्याळजी म्हणाले, "बरोबर आहे की त्याचं, वायर बदललेलीच होती." घड्याळजी चांगले कारागीर आहेत, पण त्यांना तत्त्व कळत नाही.)

आणि मग नोंदी नाहीशा होऊ लागल्या.

एका सोमवारी निवृत्त हेडबाई पंखा न्यायला आल्या. कौंटरवरच्या बाईंनी नाव लिहिलं. कप्पा रिकामा. रिकामा म्हणजे असा की जणू तो कधी नव्हताच. मंगळवारी आणखी चार गेल्या, बुधवारी सहा. फळ्यांवर वस्तू जागच्या जागी, चिठ्ठीवर क्रमांक जागच्या जागी, पण कोणाची कोणती ते सांगणारं कोणी नाही. पावती नाही, वही गिरणीत. शुक्रवारपर्यंत त्रेचाळीस वस्तू अनाथ झाल्या. हेडबाई रोज येऊन बाकावर बसत आणि माझ्याकडे अशा बघत, की मला नुकतंच वर्गाबाहेर उभं केलंय असं वाटे.

अशा वेळी नेत्याने काय करावं? नेत्याने कारण शोधावं. मी शोधलं. त्या यंत्राला दिवसभर हात कोण लावतं? कौंटरवरच्या बाई. मी कोणावर आरोप केला नाही, हे तू नीट लक्षात घे. मी फक्त सर्वांसमोर उभा राहिलो आणि निष्काळजीपणाबद्दल सर्वसाधारण असं वीस मिनिटं बोललो, आणि बोलताना माझं बोट कौंटरच्या दिशेने होतं. बोट कुठेतरी असणारच! बाईंनी चष्मा पुसला, पर्स घेतली आणि दुपारी दोन वाजता निघून गेल्या. चौदा वर्षांत त्या सहाच्या आत कधी गेल्या नव्हत्या.

त्यानंतर मी मुंगीला फोन लावला. तिने तिकडून काहीतरी बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मामा, कोणी पुसलं नाहीये. मुदत संपली, म्हणून गेल्या." म्हणजे काय, तर या कप्प्यांना सोय आहे, की नोंद ठेवतानाच सांगायचं, इतक्या दिवसांनी ही आपोआप नष्ट कर. आणि तुझ्या लेकीने तीस दिवस सांगून ठेवले होते! तीस! आमच्याकडे रेडिओ आठ आठ महिने राहतो, कारण त्याचा भाग मिळत नाही, आणि मिळेपर्यंत आम्ही वाट बघतो. एवढी शिकलेली मुलगी, एवढ्या मोठ्या कंपनीत नोकरी, आणि जिवंत माणसांच्या वस्तूंच्या नोंदीला दुधाच्या पिशवीसारखी तारीख लावते? हीच का ती प्रगती?

शनिवारी आम्ही त्रेचाळीस वस्तू लांब टेबलांवर मांडल्या आणि लोकांना बोलावलं. एका इस्त्रीवर दोघांनी हक्क सांगितला. एक गृहस्थ रेडिओ हुंगून म्हणाले, हा माझाच. त्या गोंधळात बाई आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी टेबलाच्या एका टोकापासून सुरुवात केली. ही शिंपीणबाईंची. हे पोस्टातल्या साहेबांचं, काटा अडकतो. हा रेडिओ यांचा नाही, यांच्या सासऱ्यांचा. अशा एकोणचाळीस वस्तू, ताई, तोंडपाठ. उरल्या चार. त्यातला एक गजर कोणी नेलाच नाही, आणि तीन करडे पंखे एकसारखे होते, ते हेडबाईंनी आणि दोघांनी एकेक उचलले. (आता तिघांचंही म्हणणं आहे की आपला पूर्वी इतका आवाज करत नव्हता.) काम संपल्यावर बाईंनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. तो ठराव. खाली अकरा सह्या, पहिली घड्याळजींची.

तेव्हा ताई, माझी मागणी स्पष्ट आहे, न्याय्य आहे, आणि तू आई म्हणून ती पूर्ण केली पाहिजेस. मुंगीला रविवारी इकडे पाठव. तिने सभेत उभं राहून सांगावं की तीस हा आकडा तिचा, चूक तिची, आणि अध्यक्ष निर्दोष आहेत. यात तिचा काही तोटा नाही. तिला इथे कोणी ओळखत नाही. माझी मात्र बावीस वर्षं पणाला लागली आहेत. पोटात बसलेल्या कारकुनांपुढे माणसांनी मान तुकवायची की नाही, याचा निकाल रविवारी लागेल!

भाऊजींना नमस्कार, कुंड्यांना पाणी, शेजारणीला काहीही नाही.

तुझा,
न्यायाची वाट बघणारा भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालताना मुंगीचा फोन आला. मी तिला खडसावून विचारलं, तीस कुठून आणलेस? ती म्हणाली, "मामा, मी तुम्हाला विचारलं होतं, नोंद किती दिवस ठेवू? तुम्ही स्टुलावर चढून म्हणालात, 'या मंडळात तीस दिवसांच्या वर काहीही पडून राहणार नाही! एकतिसाव्या दिवशी त्याचं नामोनिशाण दिसता कामा नये!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लिहून टाकलं." मी घड्याळजींना विचारलं. त्यांना तर पुढची दोन वाक्यंही पाठ आहेत. मी आळसाबद्दल बोलत होतो हे उघड आहे, पण असो. तिने आता दुरुस्ती केली आहे. मी विचारलं, कायम ठेवण्यासाठी काय सांगायचं असतं? ती म्हणाली, काहीच नाही. मुदत सांगितली तरच ती धरतं. काही बोललं नाही तर नोंद राहते.

ता. क. २. तेव्हा मुंगीला पाठवू नकोस. मघाचा मजकूर खोडायला हवा होता, पण त्यात दोन-तीन वाक्यं चांगली उतरली आहेत.

ता. क. ३. खरं काम वेगळंच आहे. आज सकाळी मी बाईंच्या घरी गेलो होतो. जिन्यातच उभं केलं त्यांनी. म्हणाल्या, "अध्यक्षपद तुमच्याकडेच ठेवा, मला नकोय. ठराव मागे घेते. पण रविवारी सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. एका वाक्यात. एक वाक्य बोलायचं आणि खाली बसायचं." मी म्हटलं, बाई, एका वाक्यात पार्श्वभूमी कशी येणार? त्यांनी दार लावून घेतलं. ताई, मी दुपारपासून बसलोय. अकरा मसुदे झाले. सगळ्यात लहान चार पानांचा आहे आणि त्यात टोस्टर आलाय. लहानपणी माझ्यातर्फे आईला 'चुकलं म्हणतो' असं तूच सांगायचीस. मला ते एक वाक्य लिहून पाठव. शनिवारच्या आत. आणि स्वतःही ये, माझ्या शेजारी बस. पूर्णविरामाला माझा सदरा खाली ओढ.

ता. क. ४. त्या वाक्यात 'परंतु' नको, असं बाईंनी दाराआडून बजावलंय.