नेक बाहेरून करून घेणे

३ जून
निर्णय झाला. यापुढे आमच्या बास गिटारचे नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची लाकडी मान, बाहेरून करून घ्यायचे. सहदेव एकेक नेक रंधा आणि कानशीने घडवतो. त्याआधी गिऱ्हाइकाचा डावा हात हातात घेऊन बसतो, बोटं दाबून बघतो. लग्न जमवायला बसल्यासारखा. अशाने बोरीवलीच्या गाळ्यातून आम्ही जगात कधी पोचणार?
पार्टनर म्हणून त्याला आज सांगणार होतो. तो कामात होता.

७ जून
भाईंदरच्या हर्षदला भेटलो. कम्प्युटरच्या मशीनवर देवघराच्या जाळ्या कापतो. म्हणाला, शेठ, सॅम्पल द्या, डिट्टो माल घ्या. प्रोफेशनल माणूस. बास म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. बरंच आहे. डोक्यात पूर्वग्रह नाहीत.

८ जून, दुपार
सहदेव जेवायला गेल्यावर सॅम्पल निवडलं. त्याच्या टेबलामागे खिळ्याला एक नेक टांगलेला होता. इतका गुळगुळीत नेक मी पाहिला नव्हता. तोच पाठवला.
संध्याकाळी सहदेव काहीतरी शोधत होता. विचारलं नाही. माणसाला त्याची स्पेस द्यावी.

१४ जून
सहदेवला सांगितलं. ओज्या, मग मी काय करू, असं म्हणाला. म्हटलं, तू क्वालिटी हेड. तो म्हणाला, दोघांत हेड कोण आणि शेपूट कोण, तेवढं सांग. हसला. म्हणजे मान्य आहे.

२ जुलै
माल आला. टेम्पो भरून. झकास. सगळे नेक एकसारखे.
सहदेवने एक उचलला, बोटं फिरवली, ठेवला. दुसरा उचलला. मग पाणी प्यायला आणि घरी गेला. तब्येत बरी नसावी.

११ जुलै
देवेशने बास परत आणला. पबमध्ये वाजवतो, चांगला मुलगा, पण नाजूक. हात दुखतो म्हणे. जाताना विचारलं, सर, हा नेक बनवलाय कोणासाठी?
प्रॅक्टिस कमी पडते या पिढीची.

१९ जुलै
आणखी बास परत आले. क्वालिटी हेड म्हणून सहदेवला जाब विचारला.
त्याने डावा हात टेबलावर ठेवला. लाकूड कापायच्या बँडसॉवर अनामिकेचं टोक गेलं तो हात. म्हणाला, त्यानंतर वाजवता येईना. या बोटाला सांभाळून घेईल असा एक नेक घडवला, स्वतःपुरता. जमेपर्यंत घासत राहिलो. तोच तू नेलास, ओज्या. आता टेम्पोभर आहेत. विक.
लगेच हर्षदला फोन लावला, सॅम्पल परत मागितलं. माप घ्यायला त्याने ते जागोजागी आडवं कापलंय. उसके बगैर माप कैसे मिलेगा, शेठ? मुद्दा बरोबर आहे.
सहदेवला म्हटलं, एवढे पडलेत, त्यातला कुठलाही घे. फ्री. त्याने घेतला नाही.

२६ जुलै
सहदेव आलेला नाही. त्याच्या कानशी आणि रंधे जागेवर नाहीत. फोन उचलत नाही. शर्मिष्ठा म्हणाली, अरे, नाहूरला त्याच्या घरी जा आणि माफी माग त्याची, मध्ये समुद्र आहे का? बायकोला धंद्यातलं कळत नाही. आत्ता गेलो तर त्याला वाटेल, त्याच्याशिवाय अडलंय.
शिवाय आयडिया सुचली आहे. अनामिका अधू असलेल्यांसाठी स्पेशल एडिशन. मार्केट छोटं आहे, पण स्पर्धा शून्य.

४ ऑगस्ट
स्पेशल एडिशनला एकही फोन नाही. हरकत नाही. नवा सॅम्पल नेक मी स्वतः घडवला. एका बाजूला जरा उतरला आहे, पण कॅरेक्टर आहे. हर्षदकडे पाठवला.

९ ऑगस्ट
हर्षदचा फोन. हे सॅम्पल चालणार नाही, असं त्याचा माणूस म्हणतो. कोण माणूस? नेकच्या कामाला नवीन ठेवलाय, शेठ, एकदम हुशार. म्हटलं, फोन दे त्याला. अशा लोकांना सुरुवातीलाच सरळ करावं लागतं.
फोनवर सहदेव आला. म्हणाला, बोला, साहेब.
त्याने आवाज ओळखला नसेल. म्हणून नाव सांगितलं.
हो साहेब, म्हणाला. बोला.